न फुटलेलं अंडं

मी लिंगायत आहे, शाळामास्तर आहे आणि सोलापूरच्या भवानी पेठेत राहतो. यांतली कुठलीही एक गोष्ट असली तरी माणसानं चारचौघांत अंडी विकत घेऊ नयेत. माझ्याकडं तिन्ही होत्या. तरीही एका रविवारी सकाळी मी विजापूर वेशीत एका दुकानाच्या भिंतीला सायकल टेकवली, इकडंतिकडं पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "अंडी आहेत का?"

दुकानदाराच्या मागं टोपल्यांत अंड्यांच्या राशी होत्या. त्यानं एकदा राशीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"मास्तर, ये क्या आलू दिखरे तुमकू?"

मी दोन डझन मागितली. तो भुशात एकेक मांडत असताना मी पाठ फिरवून उभा राहिलो, जणू माझा आणि त्या व्यवहाराचा संबंध नाही, सायकलच अंडी घ्यायला आली आहे. त्याला माझी दया आली असावी.

"घर में कोई बीमार है क्या?"

"नाही, नाही. संवेगासाठी पाहिजेत."

"अच्छा," तो गंभीर झाला. संवेग हे त्याला दुखण्याचं नाव वाटलं. "फिकर मत करो. अल्ला आराम देगा."

संवेग हे दुखणंच होतं म्हणा, पण ते मला नव्हतं, माझ्या नववीच्या वर्गाला होतं. 'बल म्हणजे संवेगबदलाचा दर' ही ओळ पोरं आरतीसारखी म्हणायची. म्हणजे तालात, जोरात आणि अर्थाशी संबंध न ठेवता. सगळा वर्ग म्हणून झाल्यावर मी विचारलं, काही शंका? तेव्हा मायाक्का नावाची एक मुलगी उभी राहिली. सांगोल्याकडची, मेंढपाळाच्या घरातली, शिकायला मामाकडं आलेली. तिनं विचारलं, "सर, दर म्हंजे भाव का? मंग आज काय भाव चाललाय?"

वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी जाताना मला वाटलं, तिनं निदान विचारलं तरी. बाकीच्यांनी तर विकतसुद्धा घेतलं नसतं.

त्याच उन्हाळ्यात बार्शीला शिक्षकांचं शिबिर झालं होतं. दुपारच्या जेवणानंतर एक प्राध्यापक बोलत होते आणि आम्ही सगळे शिक्षक आमचे विद्यार्थी जे करतात तेच करत होतो. झोपेत माझ्या कानावर 'अंडं' हा शब्द पडला आणि मी दचकून जागा झालो. प्राध्यापक म्हणत होते की सैल टांगलेल्या चादरीवर अंडं कितीही जोरात फेकून मारा, ते फुटत नाही. भिंतीवर मारलं तर फुटतं. वेग तोच, अंडं तेच. फरक एवढाच की भिंत त्याला एका झटक्यात थांबवते आणि चादर त्याला थांबायला वेळ देते. थांबायला वेळ मिळाला की मार कमी बसतो. बस्स. सगळा संवेग एवढाच.

हे वाक्य मी शाळेसाठी घरी आणलं. पण खरं सांगायचं तर ते मला घरासाठीच जास्त हवं होतं.

माझा मेहुणा बसवराज आमच्याकडंच राहायचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता. त्यानं नवी मोटारसायकल घेतली होती आणि मोटारसायकलला शोभतील असे केस वाढवले होते. कानांवरून मागं वळवलेले, तेल न लावलेले, वाऱ्यावर उडतील असे. माझी बायको जगदेवी त्याची थोरली बहीण. आई लहानपणीच गेली, त्यामुळं याला हिनंच वाढवलेला. रोज संध्याकाळी ती भाकरी थापता थापता कान गल्लीच्या कोपऱ्याला लावून बसायची. मोटारसायकलचा आवाज आला की मग तिच्या हाताला वेग यायचा.

त्याला कारण होतं. त्यांच्या कारखान्यातला भीमा नावाचा एक जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा मुकादम, मोटारसायकलवरून घसरून डोक्यावर पडला होता. रक्त नाही, खरचटणं नाही. उठला, कपडे झटकले, चहा प्याला, दोघांची चेष्टा केली आणि दुपारी मागावरच्या लोकांसमोर खाली बसला तो उठलाच नाही. ही गोष्ट बसवराजनंच जेवताना सांगितली होती, आणि सांगून झाल्यावर त्यानं ताक मागितलं होतं. जगदेवीला ताक वाढता आलं नाही. मी वाढलं.

तेव्हापासून ती माझ्या मागं लागली. "तुम्ही विज्ञान शिकवता ना? मग ह्याच्या डोक्यात ती टोपी घालायला लावा की." टोपी म्हणजे हेल्मेट. मी बसवराजला बल, वस्तुमान, वेग सगळं समजावलं. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि शेवटी केसांवरून हात फिरवून म्हणायचा, "दाजी, सोलापुरात कोण घालतंय का? लोक म्हणतील, बसवराज डोक्यावर हंडा घेऊन पाण्याला चाललाय."

म्हणून अंडी. दोन डझन.

अंड्यांची पिशवी सायकलच्या हँडलला लावून मी निघालो. आयुष्यात कधी चालवली नव्हती इतकी हळू सायकल चालवत होतो. भवानी पेठेत शिरताना समोरून निंगप्पा आले. निंगप्पा आमचे शेजारी. कोर्टातून निवृत्त झालेले, त्यामुळं रस्त्यात भेटलेल्या माणसाचीही उलटतपासणी घेतल्याशिवाय त्यांना पुढं जाता यायचं नाही.

"मास्तर, एवढं हळू? पंक्चर?"

"नाही, सहज."

"पिशवीत काय?"

"शाळेचं सामान. संवेगाचं."

"रविवारी?" असं म्हणून त्यांनी पिशवीत बोट घातलं. मग त्यांचा चेहरा बदलला. मला वाटलं, आता मठापर्यंत बातमी जाणार. पण त्यांनी बोट बाहेर काढलं, धोतराला पुसलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कधीपासून आहे?"

"काय?"

"अशक्तपणा. मला सांगायला लाजू नका. डॉक्टरनं सांगितलं असेल तर औषधाला दोष नाही. पण उकडून घेऊ नका. कच्चंच दुधात फोडायचं, वर मिरपूड टाकायची आणि नाक धरून एका दमात. जायफळ टाकलं तर वासही येत नाही." मग त्यांच्या लक्षात आलं की आपण फार बारीकसारीक सांगितलं. "म्हणजे, माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, ते असं घेतात."

मी घरी पोचेपर्यंत निंगप्पांच्या बायकोला, चंद्रव्वांना, मला काय झालंय ते कळलं होतं. दुपारपर्यंत गल्लीला कळलं. मलाच काय ते कळायचं राहिलं होतं. कोणी म्हणे छाती, कोणी म्हणे फुप्फुस. समोरच्या मथुराबाईंनी जगदेवीला हळूच विचारलं, "मास्तरांना संवेग झालाय म्हणे. बरा होतो का गं तो?"

जगदेवीनं अंडी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाहीत. "शास्त्रासाठी आहेत हे मला मान्य आहे," ती म्हणाली, "पण शास्त्र बाहेर राहू द्या." अंडी जिन्याखाली सायकलजवळ राहिली. जगदेवी गल्लीतल्या बायकांना दिवसभर "त्यांची तब्येत चांगली आहे" असं सांगत राहिली आणि प्रत्येक वेळी ऐकणारीचा चेहरा जास्त जास्त दुःखी होत गेला. एखादी गोष्ट जितकी नाकारावी तितकी ती लोकांना खरी वाटते, याचं सूत्र अजून कोणी मांडलेलं नाही.

सोमवारी मी हेडमास्तर बिराजदार सरांकडं परवानगीला गेलो. देशातली आणीबाणी नुकतीच उठली होती. आमच्या हेडमास्तरांच्या ऑफिसात ती अजून चालू होती.

"अंडी?" ते खुर्चीत ताठ झाले. "हत्तुरे, अंडी हा विषय जीवशास्त्राचा. तुम्ही भौतिकशास्त्राचे. आज तुम्ही अंडी मागता, उद्या बेडूक मागाल."

"सर, प्रयोग भौतिकशास्त्राचाच आहे. अंडी नुसती फेकायची."

"फेकायची!" त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि फुटली म्हणजे?"

"फुटणार नाहीत, हेच तर दाखवायचंय."

"फुटणार नसतील तर दोन डझन कशाला? एकच घ्या. तेच परत परत फेका."

शेवटी बराच खल होऊन परवानगी मिळाली. अर्जात त्यांनी स्वतःच्या हातानं 'अंडी' खोडून 'अंडाकृती भंगुर वस्तू' असं केलं. अट अशी की संस्थेच्या आवारात मूळ शब्दाचा उच्चार व्हायचा नाही, आणि प्रयोगाचं उद्घाटन हेडमास्तर करतील.

चादर बसवराजनं दिली. माग बिघडल्यामुळं तिच्यावरच्या एका मोराचा पिसारा दुसऱ्याच मोराला जाऊन चिकटला होता, म्हणून ती बाजूला काढलेली. "दाजी, मी पण येणार बघायला," तो म्हणाला. "अंडं फुटत नाही म्हणजे काय? बघूच की." मला आनंद झाला. मासा आपण होऊन जाळ्याकडं येत होता.

शनिवारी शाळा सुटल्यावर नववीचा वर्ग मैदानात जमला. नववीबरोबर आठवी जमली, दहावी जमली, आणि कुंपणापलीकडं ज्यांचा शाळेशी काही संबंध नव्हता तेही जमले. मी शिपाई कोंडीबाला चादर टांगून ठेवायला सांगितलं होतं. बिराजदार सरांनी त्याला मागाहून बजावलं होतं की चादर नीट दिसली पाहिजे, सुरकुती चालणार नाही. कोंडीबा आज्ञाधारक माणूस. त्यानं चादर सभागृहाच्या भिंतीला चारी बाजूंनी खिळे ठोकून इतकी ताणून बसवली होती की मोरांना श्वास घेता येत नव्हता.

मी मुलांना रांगेत उभं करण्यात गुंतलो होतो. तेवढ्यात बिराजदार सरांनी टोपी सारखी केली, "विज्ञान हे राष्ट्राच्या प्रगतीचं—" इथपर्यंत बोलले, पुढचं आठवेना तेव्हा 'वस्तू' उचलली आणि मारली.

मी "सर, थांबा!" म्हणेपर्यंत मोराच्या पिसाऱ्यावरून पिवळा ओघळ निघाला होता.

बिराजदार सर माझ्याकडं वळले. "हत्तुरे, हे अपेक्षेप्रमाणे झालं का?"

"नाही सर."

"मग मी टाळ्या थांबवायला सांगू का?" टाळ्या कोणी वाजवतच नव्हतं.

कोंडीबा कावराबावरा झाला. "सर, म्या तर लई झ्याक बसवली हुती की! एक सुरकुती न्हाय. बगा, हात लावून बगा."

माझ्या कपाळावर घाम आला होता, पण त्या घामातच मला दिसलं की सरांनी नकळत अर्धा प्रयोग केला होता. मी मुलांना म्हणालो, "चादर तीच. पण मागं भिंत आहे. त्या— त्या वस्तूला थांबायला वेळच मिळाला नाही. आता चादर सैल टांगू."

चादर काढून व्हॉलीबॉलच्या दोन खांबांच्या मधे सैल बांधली. खालची कड झोळीसारखी धरून दोन मुली उभ्या राहिल्या. मग पहिल्यांदा कोण, असा प्रश्न आला. कोणी पुढं येईना. मायाक्का पुढं आली. तिनं अंडं हातात घेऊन जोखलं, पदर नव्हता तरी खोचल्यासारखं केलं आणि रानात मेंढरामागच्या कुत्र्याला मारावं तसं सणसणीत मारलं.

चादर पोटात मारल्यासारखी मागं गेली, पुढं आली, आणि अंडं घरंगळत झोळीत येऊन बसलं. अख्खं.

"न्हाय फुटलं!" मायाक्का किंचाळली. "सर, अंडं न्हाय फुटलं!"

"वस्तू!" बिराजदार सर मागून ओरडले, पण त्यांचं कोण ऐकतंय! सगळं मैदान अंडं अंडं म्हणून ओरडत होतं. पोरं रांग मोडून धावली. जो तो फेकू लागला, धावत येऊन, उडी मारून, दात ओठ खाऊन. काही नेम चुकून कुंपणाबाहेर गेली, एक कोंडीबाच्या पायाशी फुटलं, पण चादरीवर बसलेलं एकही फुटलं नाही. आणि मग माझ्या वर्गातला एक मुलगा, जो तोंडी परीक्षेत स्वतःचं नाव सांगतानाही अडखळायचा, दुसऱ्याला समजावून सांगताना मी ऐकला: "आरं, ती चादर त्याला दमानं थांबवतीय. भिंत दमानं थांबवत न्हाय." इतकी वर्षं शिकवून मला हे वाक्य सुचलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. मी चष्मा पुसला.

तिथंच थांबायला हवं होतं. पण पोरं ओरडू लागली, "सर, तुम्ही टाका! सर, तुम्ही!" बसवराज खांबाजवळ मोटारसायकलला रेलून उभा होता, केस वाऱ्यावर, चेहऱ्यावर नवल. मला वाटलं, हाच क्षण. मी त्याच्याकडं पाहत मोठ्यानं म्हणालो, "मुलांनो, ही चादर म्हणजेच हेल्मेट! माणूस पडला की डोक्याला थांबायला वेळ देतं, ते हेल्मेट!" आणि अंडं फेकलं.

खडूच्या तुकड्याखेरीज मी उभ्या आयुष्यात काही फेकलेलं नव्हतं. खडू फेकण्याचा सराव अंड्याला उपयोगी पडत नाही. ते माझ्या हातातून सुटलं ते चादरीकडं गेलंच नाही. ते बसवराजच्या कपाळाच्या वर, जिथून केस मागं वळायला सुरुवात होते, नेमकं तिथं फुटलं.

मैदान हसून हसून लोळलं. बिराजदार सरही हसले; ते हसलेले मी तेवढे एकदाच पाहिले. बसवराज मात्र हसला नाही. त्यानं रुमाल काढला, भुवयांवरून ओघळणारा बलक पुसला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजी, बघितलं का? अंडं फुटलं. डोकं फुटलं का? मग हेल्मेट कशाला पाहिजे?"

टाळ्या पडल्या. त्या दिवसातल्या सगळ्यात मोठ्या. त्यानं मोटारसायकलला किक मारली आणि केस चिकट झालेल्या अवस्थेत तो एखाद्या विजयी माणसासारखा फाटकातून निघून गेला.

घरी जगदेवीनं दारातच विचारलं, "ऐकला का?"

"नाही," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. मग म्हणाली, "तुमचा प्रयोग खरा होता ना?"

"अगदी खरा. पोरांना कळला."

"पोरांना कळला, कारण पोरांचं काही अडलेलं नव्हतं. ह्याला कळला तर ह्याला ती टोपी घालावी लागेल. म्हणून कळत नाही." मग तिनं विचारलं, "एखादं उरलंय का?"

"काय?"

"ते तुमचं." तिच्या तोंडून शब्द येईना.

उरलेली अंडी कोंडीबानं घरी नेली होती. रविवारी मी त्याच्या घरी जाऊन एक परत मागितलं. त्यानं मला आत बोलावलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "सर, सवय लागली व्हय?"

सोमवारी सकाळी बसवराज निघायच्या तयारीत असताना जगदेवी बाहेर आली. तिच्या हातात ते अंडं होतं. उघड्या हातात. जन्मात कधी अंड्याला न शिवलेली बाई, आणि हात ताठ धरून विस्तव आणावा तशी ते घेऊन आली होती. बसवराज तिच्या हाताकडं बघत राहिला.

"हे घे," ती म्हणाली. "शर्टाच्या खिशात ठेव. कारखान्यात घेऊन जा आणि संध्याकाळी परत आण."

"अक्का, हे काय नवीन? कशाला?"

"माझं आहे म्हणून. फोडून आणलंस तर घरात येऊ नकोस."

तो हसला, पण तिच्या तोंडाकडं पाहिल्यावर हसू अर्ध्यावर राहिलं. त्यानं अंडं खिशात घातलं आणि किक मारताना पहिल्यांदाच खाली बघितलं.

त्या दिवशी मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. संध्याकाळी घरी आलो तर जगदेवी चुलीपुढं बसून होती आणि कान कोपऱ्याला लागलेला. नेहमीची वेळ झाली, टळली. तवा तापून काळा पडला. गल्लीत दिवे लागले. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आलो. तिनं मला एकदाही विचारलं नाही, कारण मीही काही ऐकलेलं नव्हतं.

आणि मग बसवराज दारात उभा होता. मोटारसायकलचा आवाज आम्हाला आलाच नव्हता. तो इतका हळू आला होता.

त्यानं खिशातून एक गोळा काढला. सुताची रद्दी, मागावर गळून पडते ती, गुंडाळून गुंडाळून त्याचं घरटं केलेलं. त्यानं ते एकेक पदर सोडवत उघडलं. आत अंडं. अख्खं.

मी उडालोच. "बघ! हे सूत कुणी सांगितलं तुला गुंडाळायला? हेच तर मी—"

"तुम्ही गप्प बसा," जगदेवी म्हणाली. मी गप्प बसलो.

बसवराज खाली बसला. थकला होता. "अक्का, काय दिवस गेला म्हणून सांगू. रस्त्यात एवढे खड्डे आहेत हे मला आजच कळलं. लॉरीवाला मागून हॉर्न मारालाय, मी बाजूला. टांगा मला ओलांडून गेला! म्हशी माझ्याकडं बघालत्या. कारखान्यात सगळे म्हणतात, सुपरवायझर साहेबांना पिल्लू होणार. एका हातानं खिसा धरून दिवसभर फिरलो मी." त्यानं अंडं पुढं केलं. "घे. तुझं सांभाळलं. झालं?"

तिनं ते घेतलं. दोन्ही हातांत धरलं. या खेपेला विस्तवासारखं नाही.

"माझं म्हणून एवढं जपलंस?"

"मग? तूच म्हणालीस ना."

"डोकं पण माझंच आहे," ती म्हणाली.

बसवराजनं केसांवरून हात फिरवायला म्हणून हात वर नेला आणि तो तिथंच डोक्यावर राहिला. जगदेवी उठली, हात धुतले आणि भाकरी थापायला बसली. जेवताना त्यानं ताक मागितलं, तिनं वाढलं.

त्यानंतरच्या रविवारी पुण्याला माल घेऊन गेलेल्या लॉरीच्या ड्रायव्हरकडून बसवराजनं हेल्मेट मागवून आणलं. पांढरं, गुळगुळीत, आत मऊ अस्तर. घरी आणून त्यानं ते पाटावर ठेवलं. आम्ही तिघं त्याच्याकडं बघत बसलो, पाहुणा आल्यासारखे. तो अंघोळीला गेल्यावर जगदेवीनं ते उचललं, आत हात घालून अस्तर अंगठ्यानं दाबून पाहिलं, आणि मला काही कळायच्या आत स्वतःच्या डोक्यावर, पदरावरून, चढवलं.

"लाटणं घ्या," ती म्हणाली.

"अगं काय करालीस?"

"माझ्या भावाच्या डोक्यावर घालायचं ते आधी मी बघणार. घ्या लाटणं. मारा."

पंचवीस तीस पोरांचा वर्ग सांभाळणारा मास्तर मी, पण या बाईवर मी कधी आवाज चढवलेला नाही. मी लाटणं घेतलं आणि हळूच टेकवलं.

"काय?" ती ओरडली. कान झाकल्यामुळं तिला स्वतःचा आवाज कळत नव्हता. तो थेट गल्लीत जात होता. "मारलं का? जोरात मारा!"

मी जरा जोरात मारलं. टक्क आवाज झाला.

दारात सावली पडली. निंगप्पा उभे होते. माझ्या तब्येतीची चौकशी करायला आले होते, हातात जायफळाची पुडी होती. त्यांनी लाटणं पाहिलं, हेल्मेट पाहिलं, हेल्मेटखालची जगदेवी पाहिली. एवढी वर्षं कोर्टात काढलेला माणूस, पण त्यांना एक प्रश्न सुचेना.

मी समजावून सांगणार होतो. संवेग, वेळ, बल, सगळं ओठांवर आलं होतं. पण हेल्मेटच्या आत जगदेवी हसत होती. तो भीमा मागापुढं बसल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"नाही लागलं हो!" ती साऱ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली. "काहीसुद्धा नाही लागलं! मारा, आणखी एक मारा!"

निंगप्पांनी पुडी उंबऱ्यावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकले. मी त्यांना नमस्कार केला, आणि आणखी एक मारलं.